मेरीलँडची राज्यचिन्हं: झेंडा ठेवला, गाणं काढलं

खाडीकाठची

अमेरिकेतल्या राज्यांची चिन्हं म्हटलं की चौथीतल्या मुलांचा प्रोजेक्टचा तक्ता आठवतो. राज्यपक्षी हा, राज्यफूल ते, खाली चिकटवलेली चित्रं, संपला विषय. मेरीलँडची यादी मात्र जरा थांबून वाचावी अशी आहे. तिच्यात एक यादवी युद्ध आहे, एक आटत चाललेली मासेमारी आहे आणि भर सभागृहात मतदान करून काढून टाकलेलं एक राज्यगीतही आहे.

जुजबी माहिती आधीच देऊन टाकते. राजधानी ॲनापोलिस, सगळ्यात मोठं शहर बाल्टिमोर. क्षेत्रफळ सुमारे ३२ हजार चौरस किलोमीटर, म्हणजे महाराष्ट्रात अशी नऊ मेरीलँडं बसून थोडी जागा उरेल. २०२० च्या जनगणनेत लोकसंख्या ६१ लाख ७७ हजार. काउंट्या २३, आणि बाल्टिमोर शहर त्यांतल्या कुठल्याच काउंटीत नाही, ते स्वतंत्र. अमेरिकेचं संविधान मान्य करणारं हे सातवं राज्य, २८ एप्रिल १७८८. नाव पडलं इंग्लंडचा राजा पहिला चार्ल्स याच्या राणीवरून, हेन्रिएटा मारियावरून. १६३२ मध्ये राजानं ही जमीन कॅल्व्हर्ट घराण्याला सनदेनं दिली. लॉर्ड बाल्टिमोर ही पदवी याच घराण्याची. मोबदला काय, तर दर वर्षी विंडसरच्या किल्ल्यावर इथल्या मूळ रहिवाशांचे दोन बाण पोचते करायचे, आणि सोनंचांदी सापडलीच तर पाचवा हिस्सा.

आता झेंडा. ज्यांनी पाहिला नाही त्यांनी आधी शोधून पाहा, मग पुढे वाचा. चार चौकोन. दोन काळे-सोनेरी, त्यांत उभे पट्टे आणि त्यांना कापत जाणारा तिरपा पट्टा. उरलेले दोन लाल-पांढरे, त्यांत टोकांना तीन-तीन गोळे असलेला क्रूस. काळा-सोनेरी भाग कॅल्व्हर्टांच्या ढालीवरचा. लाल-पांढरा क्रॉसलँड घराण्याचा, म्हणजे पहिल्या लॉर्ड बाल्टिमोरच्या आईच्या माहेरचा.

इथपर्यंत निव्वळ सरदारी थाट आहे. खरी गोष्ट १८६१ च्या यादवी युद्धापासूनची, जेव्हा गुलामगिरी राखू पाहणारी दक्षिणेची राज्यं संघराज्यातून फुटली. मेरीलँडमध्ये गुलामगिरी कायदेशीर होती, तरी राज्य संघराज्यातून फुटलं नाही. माणसं मात्र फुटली. दक्षिणेकडे ओढा असलेल्यांनी क्रॉसलँडचे लाल-पांढरे रंग उचलले. दक्षिणेच्या सैन्यात गेलेले मेरीलँडचे सैनिक त्या क्रूसाची पिन कपड्यांवर लावत. काळा-सोनेरी रंग संघराज्याच्या बाजूचा धरला जाऊ लागला. युद्ध संपल्यावर दोन्हीकडचे लोक त्याच गल्ल्यांत परतले. हळूहळू दोन्ही रंग एकाच कापडावर दिसू लागले. ११ ऑक्टोबर १८८० ला बाल्टिमोरच्या दीडशेव्या वर्षाच्या मिरवणुकीत हा झेंडा फडकला, १८८८ मध्ये यादवी युद्धातली मोठी लढाई झालेल्या गेटिसबर्गला मेरीलँडच्या पलटणींच्या स्मारकांच्या वेळीही. कायद्यानं तो राज्याचा झेंडा झाला १९०४ मध्ये.

गाण्याचं उलट झालं. १९ एप्रिल १८६१ ला मॅसॅच्युसेट्सची पलटण वॉशिंग्टनकडे जाताना बाल्टिमोरमधून एका स्टेशनवरून दुसऱ्या स्टेशनवर चालली होती. जमावानं तिच्यावर हल्ला केला, गोळीबार झाला. चार सैनिक आणि बारा नागरिक मेले. जेम्स रायडर रँडॉल हा मूळचा बाल्टिमोरचा तरुण तेव्हा लुइझियानात शिकवत होता. ही बातमी ऐकून त्यानं नऊ कडव्यांची कविता लिहिली. तिच्यात राष्ट्राध्यक्ष लिंकन जुलमी ठरतो, उत्तरेकडच्या लोकांना गाळ म्हटलं जातं आणि मेरीलँडला दक्षिणेच्या बाजूनं उठायची हाक दिली जाते. चाल नाताळातल्या एका प्रसिद्ध जर्मन गाण्याची. युद्धाला पाऊणशे वर्षं उलटून गेल्यावर, १९३९ मध्ये, हे गीत राज्यगीत झालं! २०२१ मध्ये विधिमंडळानं ते रद्द केलं. त्याच्या जागी दुसरं आणलेलं नाही.

झेंडा वाचला आणि गाणं गेलं, हे मला योग्य वाटतं. तुमचं काय मत?

टवाळ_पोरगा

झेंडा आत्ता पाहिला. डोळे दुखले. डिझायनरला 'चारांपैकी एक निवड' असं सांगितलं असावं आणि त्यानं चारही पाठवून दिले असावेत.

अवांतर: इथला राज्यखेळ भाल्यांची घोडेस्वारी आहे असं कुठेतरी वाचलं होतं. फेकाफेकी ना?

खाडीकाठची

@टवाळ_पोरगा, फेकाफेकी नाही. १९६२ मध्ये कायदा झाला. अधिकृत राज्यखेळ असलेलं हे पहिलंच राज्य. पण सिनेमातल्यासारखे चिलखती सरदार एकमेकांना घोड्यावरून पाडतात, तसलं काही नाही. इथे तीन कमानी असतात, प्रत्येकीत दोऱ्याला एक कडी टांगलेली. स्वारानं घोडा भरधाव सोडायचा आणि भाल्याच्या टोकात तिन्ही कड्या ओवून न्यायच्या. पहिल्या फेरीत कडी पावणेदोन इंचांची. बरोबरी झाली की लहान, मग आणखी लहान, शेवटी पाव इंचापर्यंत. एवढ्या कडीतून आपल्याला बसल्या जागी सुतळी ओवता येत नाही!

नाना_सासवडकर

उत्तम धागा. आमच्या पिढीला यात तंबूची मेख उपटणाऱ्या घोडदळाच्या टेंटपेगिंगची आठवण होईल. जात तीच.

मला मात्र नकाशाचं कोडं आहे. हे राज्य पश्चिमेकडे इतकं चिंचोळं का? एका जागी तर नाहीसंच झाल्यासारखं दिसतं.

नकाशेवाला

नानासाहेब, तुम्ही म्हणता ती जागा म्हणजे हॅनकॉक गाव. तिथे राज्याची उत्तर-दक्षिण रुंदी दोन मैलही नाही. वर पेनसिल्व्हेनिया, खाली पोटोमॅक नदी आणि नदीपलीकडे वेस्ट व्हर्जिनिया. दुपारच्या जेवणानंतर पाय मोकळे करायला निघावं आणि राज्यच संपावं, असा प्रकार.

कारण सनदा. कॅल्व्हर्टांच्या १६३२ च्या सनदेत उत्तर हद्द चाळिसाव्या अक्षांशाशी येत होती. पुढे १६८१ मध्ये विल्यम पेनला पेनसिल्व्हेनिया मिळालं आणि दोघांच्या कागदांचा मेळ बसेना. फिलाडेल्फिया चाळिसाव्या अक्षांशाच्या किंचित दक्षिणेला आहे, म्हणजे कॅल्व्हर्टांचा हट्ट चालला असता तर पेनचं मुख्य शहरच मेरीलँडमध्ये गेलं असतं. दोन पिढ्या भांडणात गेल्या, मध्ये मारामाऱ्याही झाल्या. शेवटी इंग्लंडहून चार्ल्स मेसन आणि जेरेमाया डिक्सन यांना बोलावलं. १७६३ ते १७६७ या काळात त्यांनी तारे पाहून रेषा आखली. मैलामैलाला इंग्लंडहून आणलेला चुनखडीचा दगड, आणि दर पाचव्या मैलाला एका अंगावर पेनची, दुसऱ्या अंगावर कॅल्व्हर्टची ढाल कोरलेला मोठा दगड. त्यांतले बरेचसे आजही शेतांच्या कडेला उभे आहेत. पुढे हीच रेषा गुलामगिरी असलेली आणि नसलेली राज्यं यांच्यातली सीमा म्हणून गाजली. सुरुवात मात्र दोन जमीनदारांच्या बांधाच्या तंट्यातून.

दक्षिणेकडचा तंटा अजून मजेदार. जुन्या सनदेनुसार पोटोमॅक नदी जवळजवळ पलीकडच्या काठापर्यंत मेरीलँडची. मग व्हर्जिनियानं पाणी घ्यायला मेरीलँडची परवानगी घ्यायची का? प्रकरण अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयात गेलं. २००३ मध्ये निकाल लागला की नदी मेरीलँडची असली तरी पाणी उचलायला व्हर्जिनियाला मेरीलँडच्या परवान्याची गरज नाही.

नाना_सासवडकर

म्हणजे पाण्याची भांडणं तिकडेही सनदा काढून होतात. वाचून बरं वाटलं असं म्हणणार नाही, पण ओळखीचं वाटलं.

दर्यावर्दी

खेकड्याशिवाय मेरीलँडचा धागा एवढा लांब गेला कसा? आम्ही रायगडच्या किनाऱ्यावरचे, तेव्हा बोलायचा हक्क आमचा.

निळा खेकडा १९८९ पासून अधिकृत 'राज्य कवचधारी' आहे. चेसापीकच्या खाडीतला. नांग्या निळ्या आणि मादीच्या नांग्यांची टोकं लाल, जणू नखांना रंग लावलाय. नर-मादी ओळखायची पद्धत आपल्यासारखीच, पोटावरची झडप बघायची. नराची अरुंद, मादीची रुंद. इथली माणसं पोरांना शिकवताना सांगतात की नराच्या पोटावर वॉशिंग्टन स्मारकाचा खांब असतो आणि मादीच्या पोटावर कॅपिटॉलचा घुमट. एकदा पाहिलं की विसरायची सोय नाही.

गाभोळीवाल्यांसाठी वाईट बातमी: हौसेनं पकडणाऱ्यांना पूर्ण वाढलेली मादी ठेवता येत नाही, सोडून द्यावी लागते. पिल्लावळ टिकावी म्हणून हा नियम. इथे रस्साही नाही, वाटण नाही. खेकडे वाफवायचे, त्यावर ओल्ड बे मसाल्याचा जाड थर, टेबलावर कागद अंथरून सगळे ओतायचे आणि लाकडी हातोडीनं फोडून खायचे. एका डझनाला दोन तास सहज जातात. गप्पांसाठीच केलेलं खाणं आहे ते.

प्राजक्ता_बी

@दर्यावर्दी, ओल्ड बेची गोष्ट राहिली. गुस्ताव्ह ब्रून हा जर्मनीतला ज्यू मसालेवाला. १९३८ च्या नोव्हेंबरात नाझींनी ज्यूंची दुकानं फोडली, त्या धरपकडीत त्यालाही बुखेनवाल्डच्या छावणीत टाकलं. तिथून सुटल्यावर तो कुटुंबासह बाल्टिमोरला आला. सोबत मसाला दळायचं छोटं यंत्र. मासळी बाजारासमोर दुकान टाकलं आणि खेकडेवाले काय काय विकत नेतात ते बघून स्वतःचं मिश्रण बसवलं. सेलरीची पूड घातलेलं मीठ, तिखट, मिरी, पाप्रिका आणि बरंच काही. आज इथे चिप्सपासून आइस्क्रीमपर्यंत सगळ्यावर पडतं. राज्यचिन्हांच्या यादीत तो मसाला नाही, पण मतदान घेतलं तर झेंड्याच्या खालोखाल येईल.

राज्याचं गोड खाणं मात्र यादीत आहे, २००८ पासून: स्मिथ आयलंड केक. आठ ते दहा पातळ थर, प्रत्येक थरामध्ये चॉकलेटचं शिजवलेलं आयसिंग. खाडीतल्या एका बेटावरचा हा केक. बेटावर आज जेमतेम दोनशे माणसं, पूल नाही, होडीनंच जायचं. शरदात पुरुष कालवं काढायला आठवडा-आठवडा बाहेर राहत, त्यांच्यासोबत बायका हा केक देत. शिजवलेल्या आयसिंगचा केक जास्त दिवस टिकतो, हे त्यामागचं साधं कारण.

राज्यपेय दूध आहे, १९९८ पासून. त्यावर लिहिण्यासारखं काही नाही.

टवाळ_पोरगा

दुधाला एवढं हिणवू नका. चितळे वाचत असतील.

दर्यावर्दी

कालवांचा विषय निघालाय तर राज्यनौका सांगतो. स्किपजॅक, १९८५. एका डोलकाठीची, उथळ तळाची शिडाची होडी. चेसापीकमध्ये कालवं खरवडून काढणाऱ्या होड्या शिडावरच चालल्या पाहिजेत असा कायदा मेरीलँडनं केला होता. इंजिन लावून खरवडलं तर तळ साफ होईल, ही भीती. म्हणून बाकी जगात शिडं गेली तरी इथे विसाव्या शतकातही टिकली. पुढे १९६७ पासून आठवड्यातले दोन दिवस ढकलायला छोटी इंजिनाची होडी वापरायची मुभा मिळाली. शेकड्यांनी असलेल्या स्किपजॅक आता बोटांवर मोजण्याइतक्या. होड्या कमी व्हायचं खरं कारण कायदा नाही, कालवंच संपत आली. अतिउपसा आणि नंतर रोग. एखादी गोष्ट राज्यचिन्ह झाली की समजावं, तिचे दिवस भरत आलेत.

अभिजित_एम

शेवटच्या वाक्याला जोरदार अनुमोदन. राज्याचा सरपटणारा प्राणी पाहा: डायमंडबॅक टेरापिन नावाचं कासव, १९९४. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी बड्या लोकांच्या मेजवान्यांत त्याचं सूप एवढं चाललं की कासव दिसेनासं झालं. व्यापारी पकडीवर बंदी आली २००७ मध्ये. मधल्या काळात मेरीलँड विद्यापीठाच्या संघांचं नाव टेरापिन, पुतळा कासवाचा आणि परीक्षेआधी विद्यार्थी नशीब चांगलं राहावं म्हणून त्याचं नाक घासतात.

पण धागाकर्तीशी मी सहमत नाही. गाणं काढलं ते उत्तमच. पण मग झेंडा का सुटला? लाल-पांढरा क्रूस दक्षिणेच्या सैनिकांनी छातीवर लावला होता हे तुम्हीच लिहिलंय. बाकी राज्यांच्या झेंड्यांवरून बंडखोर सेनेची खूण काढायला लावली. मिसिसिपीनं २०२० मध्ये आख्खा झेंडा बदलला. मेरीलँडच्या झेंड्यातला अर्धा भाग तसाच आहे, आणि लोक तो मोज्यांवर, कुत्र्याच्या पट्ट्यांवर, मास्कवर मिरवतात. बहुतेकांना इतिहास ठाऊक नाही म्हणून चालतंय.

खाडीकाठची

@अभिजित_एम, मुद्दा बिनतोड नाही पण टाळण्यासारखाही नाही. माझं म्हणणं असं: मिसिसिपीच्या झेंड्यात बंडखोर सेनेचं निशाण १८९४ मध्ये मुद्दाम टाकलं होतं. क्रॉसलँडचा क्रूस त्या युद्धाच्या कितीतरी आधीचा, एका बाजूनं तो उचलला एवढंच. आणि तो झेंड्यावर एकटा आला नाही, शेजारी काळा-सोनेरी ठेवूनच आला.

गाण्यात दुसरी बाजूच नाही. एकच बाजू, आणि तीही शिव्या देणारी. १९३९ मध्ये ते राज्यगीत करणाऱ्यांना त्यातला प्रत्येक शब्द माहीत होता.

अभिजित_एम

'दोन्ही बाजू आल्या' हे गोऱ्यांच्या दोन बाजूंबद्दल खरं. तिसरी बाजू झेंड्यावर कुठे आहे? गुलामगिरीविरुद्ध लढलेली दोन मोठी नावं घ्या: फ्रेडरिक डग्लस टॅलबट काउंटीत गुलाम म्हणून जन्मला, हॅरिएट टबमन डॉर्चेस्टर काउंटीत. दोघंही पळून मोकळी झाली ती याच राज्यातून. १८८० च्या मिरवणुकीत समेट झाला तो भावाभावांचा. त्या समेटाची किंमत कुणी मोजली, ते त्यानंतरच्या कायद्यांवरून दिसतं.

मीनाक्षी_क

मी अनेक वर्षं ॲनापोलिसजवळ राहते. तिथल्या विधानभवनात हा वाद भिंतींवरच दिसतो. ही अमेरिकेतली सतत वापरात असलेली सगळ्यात जुनी विधानभवनाची इमारत. वरचा लाकडी घुमट खिळे न वापरता बांधलेला. २३ डिसेंबर १७८३ ला जॉर्ज वॉशिंग्टननं इथेच काँग्रेससमोर सेनापतिपदाचा राजीनामा दिला. स्वातंत्र्ययुद्ध जिंकलेला सेनापती स्वतःहून पायउतार होतो याचं युरोपात तेव्हा केवढं अप्रूप झालं होतं.

त्याच आवारात न्यायमूर्ती रॉजर टॅनीचा पुतळा होता. कृष्णवर्णीय माणूस अमेरिकेचा नागरिक होऊ शकत नाही, असा १८५७ चा निकाल लिहिणारे ते हेच. २०१७ च्या ऑगस्टमध्ये एका रात्रीत तो पुतळा उचलला. २०२० मध्ये आत डग्लस आणि टबमन यांचे पूर्णाकृती ब्राँझचे पुतळे बसवले. अभिजित म्हणतात ती तिसरी बाजू झेंड्यावर नाही हे खरंच, पण त्या इमारतीत ती आली आहे. आणि गुलामगिरी मेरीलँडनं स्वतःच्या नव्या संविधानानं संपवली, १ नोव्हेंबर १८६४ ला, देशपातळीवरच्या घटनादुरुस्तीच्या आधी. लिंकनच्या मुक्तीच्या घोषणेत मेरीलँड येत नव्हतं, कारण ती फक्त बंडखोर राज्यांपुरती होती. हे संविधान मतदानात पावणेचारशे मतांच्या फरकानं पास झालं. सैनिकांची मतं मोजली नसती तर पडलंच असतं.

नाना_सासवडकर

हा शेवटचा तपशील मला ठाऊक नव्हता. धन्यवाद मीनाक्षीताई. एवढ्या थोड्या मतांवर एवढी मोठी गोष्ट.

प्राजक्ता_बी

जरा फुलांकडे वळते, वातावरण तापलंय.

राज्यफूल ब्लॅक-आइड सुझन, १९१८ पासून. पिवळ्या पाकळ्या, मध्ये काळपट डोळा. रंग कॅल्व्हर्टांच्या ढालीचेच. राज्यपक्षी बाल्टिमोर ओरिओल, १९४७. नराचा रंग नारिंगी-काळा, म्हणून तर त्याला लॉर्ड बाल्टिमोरचं नाव पडलं. त्यात २००१ मध्ये राज्यमांजर कॅलिको, तिच्यातही नारिंगी, काळा, पांढरा. राज्यकीटक म्हणून निवडलेलं फुलपाखरू, तेही त्याच रंगांत. एका सरदाराच्या ढालीनं पक्षी, मांजर, फूल, फुलपाखरू सगळ्यांना गणवेश चढवला.

आता गंमत. मे महिन्यात बाल्टिमोरला प्रीकनेस ही घोड्यांची शर्यत असते, १८७३ पासूनची. जिंकलेल्या घोड्यावर राज्यफुलांची चादर घालायची प्रथा. पण हे फूल मे महिन्यात फुलतच नाही, जूनच्या पुढे. मग पूर्वी डेझी आणून त्यांचे मधले डोळे काळ्या रंगानं रंगवत. आता पिवळ्या शेवंतीच्या जातीची छोटी फुलं लावतात. दर वर्षी साऱ्या देशासमोर टीव्हीवर खोटं राज्यफूल, आणि कुणाचीच तक्रार नाही. राज्यगीतही याच शर्यतीला गायलं जायचं.

टवाळ_पोरगा

कर्मचाऱ्याची नोकरी: डेझीचे डोळे रंगवणे. बायोडेटात कसं लिहायचं?

नकाशेवाला

टवाळ, तुझ्यासाठी गाडीच्या पाटीची गोष्ट. १८१४ मध्ये ब्रिटिशांनी बाल्टिमोरच्या फोर्ट मॅकहेन्रीवर रात्रभर तोफा डागल्या. सकाळी किल्ल्यावर झेंडा तसाच होता आणि तो पाहून फ्रान्सिस स्कॉट की यानं लिहिलेली कविता १९३१ मध्ये देशाचं राष्ट्रगीत झाली. त्या लढाईच्या द्विशताब्दीसाठी मेरीलँडनं गाड्यांच्या नंबर पाट्यांवर त्या प्रसंगाचं चित्र छापलं आणि खाली एका वेबसाइटचा पत्ता. लाखो गाड्यांवर त्या पाट्या गेल्या. पुढे त्या पत्त्याची मालकी दुसऱ्याकडे गेली आणि २०२३ मध्ये लोकांच्या लक्षात आलं की पत्ता टाकला की फिलिपिन्समधली ऑनलाइन जुगाराची साइट उघडते. राज्य सरकारच्या पाटीवर जुगाराची जाहिरात, तीही फुकट.

नंतरच्या पाट्यांवर राज्याचा झेंडा आहे. अभिजित, क्षमस्व.

दर्यावर्दी

राज्यवृक्ष कुणीच घेतला नाही. पांढरा ओक, १९४१. ही निवड एका विशिष्ट झाडामुळे. वाय मिल्स गावातला वाय ओक. साडेचारशे वर्षांहून जुना, बुंध्याचा घेर जवळपास बत्तीस फूट. त्या एका झाडासाठी राज्यानं १९३९ मध्ये जमीन विकत घेतली. ६ जून २००२ ला वादळात तो कोसळला. लाकडातून गव्हर्नरचं टेबल बनवलं आणि त्याच्या कलमांपासून वाढवलेली रोपं ठिकठिकाणी लावली, एक खुद्द वाय ओकच्या जागेजवळ.

नाना_सासवडकर

एक शंका. हे सगळं ठरवतं कोण? आपल्याकडे शेकरू, हरियाल, तामण, आंबा. मग २०१५ मध्ये राणी पाकोळी, आणि २०२३ मध्ये पापलेट. ही निवड वन्यजीव मंडळ किंवा शासन निर्णयातून होते. तिकडे?

मीनाक्षी_क

तिकडे सरळ कायदा. विधेयक, समिती, दोन्ही सभागृहांत मतदान, गव्हर्नरची सही. अधिवेशन वर्षातून ९० दिवसांचं, जानेवारीत सुरू होतं. कनिष्ठ सभागृहात १४१ आणि सिनेटमध्ये ४७ सदस्य. त्या ९० दिवसांत अंदाजपत्रकासोबत केकवरही चर्चा होते. काहींना हा वेळेचा अपव्यय वाटतो. मला नाही वाटत. केकच्या निमित्तानं बुडत चाललेल्या एका बेटाचं नाव ॲनापोलिसमध्ये घेतलं गेलं. बेट खरंच खचतंय, खाडीचं पाणी वाढतंय.

काही नोंदी विनोदी आहेतच. राज्याचा व्यायाम चालणे, २००८. ॲस्ट्रोडॉन नावाचा डायनोसॉरही आहे, १९९८ पासून. १८५८ मध्ये म्युअरकर्कच्या लोखंडाच्या खाणींत त्याचे दात सापडले. एका दंतवैद्यानं एक दात आडवा कापला, तेव्हा आत चांदणीची आकृती दिसली, म्हणून हे नाव. आणि बोधवाक्य कॅल्व्हर्ट घराण्याचं, इटालियन भाषेतलं. त्याचा जुना अर्थ पुरुषी कृती आणि बायकी बोलणं असा लावत. २०१७ मध्ये विधिमंडळानं तो बदलून 'बळकट कृती, सौम्य शब्द' असा केला.

अभिजित_एम

म्हणजे बोधवाक्याचा अर्थ बदलता येतो, राज्यगीत काढता येतं, पुतळा उचलता येतो. फक्त झेंड्याला हात लावायचा नाही. कारण तो विकला जातो. २०११ मध्ये विद्यापीठाच्या फुटबॉल संघाला त्या झेंड्याचे कपडे चढवले तेव्हापासून तर कुणाची छाती नाही.

खाडीकाठची

विकला जातो म्हणून टिकतो, याच्याशी मी बऱ्याच अंशी सहमत. आणखी एक तपशील तुझ्या बाजूनं देते: १९४५ च्या कायद्यानं झेंड्याच्या काठीवर शोभेचं टोक लावायचं तर ते सोनेरी क्रॉसलँड क्रूसाचंच असलं पाहिजे. एवढ्यावर खरोखरच फेरविचार व्हायला हरकत नाही. कापडावर दोन्ही घराणी आहेत, काठीवर एकच का?

अभिजित_एम

हे मान्य. निदान काठीवर तरी.

टवाळ_पोरगा

ऐतिहासिक समेट झाला. धागा गेटिसबर्गला नेऊन फडकवा.

बरं, ऑक्टोबरात तिकडे येतोय, वॉशिंग्टनला काम आहे. शनिवार-रविवार मोकळा आहे. काय बघू?

मीनाक्षी_क

शनिवारी ॲनापोलिस. विधानभवनात जायला पैसे लागत नाहीत, ओळखपत्र सोबत ठेव. वॉशिंग्टनच्या राजीनाम्याचं दालन आणि डग्लस-टबमन ही दोन्ही जवळजवळ आहेत. बंदरावर चालत दहा मिनिटं.

दर्यावर्दी

ऑक्टोबर म्हणजे खेकड्यांसाठी उत्तम. थंडीच्या आधी ते भरलेले असतात, आपल्याकडच्या अमावस्येच्या चिंबोरीसारखे. विकत घेताना 'लोकल' का ते विचारून घे, बराच माल लुइझियानाहून येतो. रविवारी स्मिथ आयलंडला जायचं असेल तर क्रिसफील्डच्या धक्क्यावरून होडी आहे, पण ऋतू संपताना फेऱ्या कमी होतात, आधी फोन कर. गाडी धक्क्यावरच ठेवावी लागते.